पुण्याची फी आणि भुरीचं दूध

माणसाने आयुष्यात तक्ता करू नये. केलाच तर भिंतीवर लावू नये, आणि लावलाच तर ती भिंत शहाद्यासारख्या गावात रस्त्याकडच्या ओट्यावरची नसावी. हा उपदेश मला वेळेवर कुणी केला नाही. बाकीचे सगळे उपदेश वेळेच्या आधी मिळाले.

बासष्ट साली आमची रमिला मॅट्रिक झाली. सहासष्ट टक्के. गल्लीत तोपर्यंत माणसं मॅट्रिकला 'बसत' असत. उठून पुढे गेलेली फारशी कुणी पाहिली नव्हती. मी मामलेदार कचेरीत दाखल्यांच्या टेबलावर कारकून. लेखी कागदाशिवाय कुणाला 'हो' म्हणायचं नाही, हा माझा वीस वर्षांचा बाणा. पण त्या दिवशी हातात पेढ्यांचं ताट होतं, गल्ली जमली होती, आणि मी तोंडी आश्वासन देऊन बसलो. "हिचे मार्क जिथे घेतील तिथे हिला घालीन," असं मी सर्वांसमक्ष म्हणालो. रमिलाने लगेच विचारलं, "पुणं घेईल ना बाबा? सायन्सला?" साक्षीला शेजारचे चुनीलालशेठ होते, त्यांच्या तापीबाई होत्या. आमच्या गल्लीत स्टँपपेपरवर केलेला करार मोडता येतो, तापीबाईंच्या देखत बोललेलं मोडता येत नाही.

म्हणून मी तक्ता केला. धुळे, सुरत आणि पुणे अशी तीन कॉलेजं. माहितीपत्रकं मागवली, आणि पहिल्या दोन रकान्यांत 'किती मार्कांपर्यंत घेतात' आणि 'छापील फी' असं लिहिलं. इथे थांबलो असतो तर आज ही गोष्ट सांगायला नसती. पण मी तिसरा रकाना आखला आणि वर लाल शाईने लिहिलं, 'वजा जाता खरा खर्च'.

त्या तिसऱ्या रकान्याने घरात भांडण लावलं. धुळ्याचं कॉलेज सायन्सला पंचेचाळीस टक्क्यांना घेत होतं, फी सगळ्यांत कमी, शिवाय रमिलाचा मामा धुळ्याला. सगळे म्हणाले, मग काय, फुकटच. मी मामाच्या घराचा खर्च मांडला. सुगीला गव्हाचं एक पोतं, वर्षाला तुपाचे दोन डबे, दिवाळीला मामीला लुगडं, आणि परतफेड म्हणून अख्ख्या उन्हाळ्यात मामाचं सात माणसांचं कुटुंब आमच्याकडे. ते सगळं धरल्यावर धुळं लंडनच्या आसपास गेलं. हे मी शास्त्रीय दृष्टीने लिहिलं होतं, पण मामा हा आमच्या जसोदाबाईंचा सख्खा भाऊ. त्या दिवशी मला भाकरीबरोबर भाजी मिळाली नाही.

सुरत आगगाडीने सोयीची. पण दोन वर्षांपूर्वी राज्यं वेगळी झाली होती. महाराष्ट्राची फीची सवलत नवापूर स्टेशनापर्यंत येते. त्या स्टेशनाचा एक भाग इकडच्या राज्यात, एक तिकडच्या. मुलगी गाडीत बसून पुढे जाते आणि सवलत अलीकडच्या बाकावर बसून राहते.

राहिलं पुणं. अठ्ठावन्न टक्क्यांखाली विचारतसुद्धा नव्हते, आणि फी वाचून मी चष्मा पुसला. पण पत्रकाच्या शेवटी बारीक टाइपात होतं की पालकाचं वार्षिक उत्पन्न बाराशेच्या आत असल्यास फी माफ, मुलींच्या वसतिगृहात निम्मा दर, आणि जेवणाच्या पैशांऐवजी धान्य चालेल. मी तीनदा बेरीज केली. सगळ्यांत महाग कॉलेज सगळ्यांत स्वस्त निघालं. कोलंबसाला काय वाटलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. त्याला निदान शेजारी नव्हते.

तक्ता मी कणकेच्या खळीने ओट्याच्या भिंतीवर चिकटवला. बाजारच्या दिवशी म्हसावदची माणसं बैलगाड्या सोडून तो बघायला येऊ लागली. एक आजोबा पुण्याच्या अठ्ठावन्नवर बोट ठेवून म्हणाले, "भाऊसाहेब, मन्हा नातूले पन्नास शेत. पन्नासमा जमाडी द्या ना." मी म्हटलं, हा भाव माझा नाही. ते म्हणाले, "मंग तक्ता तुन्हा घरवर कसाले शे?"

चुनीलालशेठ कापसाचे दलाल. त्यांच्या दोधूला एक्केचाळीस टक्के. धुळ्याला कलाशाखेत एक्केचाळीसही चालत होते, तसं तक्त्यात स्पष्ट होतं. पण छापलेला भाव हा बोलीचा भाव, खरा भाव वेगळाच, हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं सूत्र. कापसाचा सौदा कधी तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून भाव सांगायचा. शेठ दोधूला घेऊन धुळ्याला गेले, प्राचार्यांच्या समोर बसले, खिशातून रुमाल काढला आणि प्राचार्यांच्या उजव्या हातावर टाकला.

पुढचं दोधूने सांगितलं. शेठांनी रुमालाखाली आधी चार बोटं दाबली आणि मग एक. प्राचार्य इंग्रजीचे. त्यांना वाटलं, गृहस्थ नाडीपरीक्षा करतात. त्यांनी हात मागे ओढला. सौद्यात हात ओढला म्हणजे भाव पटला नाही. म्हणून शेठांनी पुन्हा हात धरून पाच बोटं दाबली. मग शिपाई आला.

"सौदा मोडला का?" मी विचारलं.

"मोडाले काय व्हयनं? पोऱ्याले घी लिन्हं ना," शेठ म्हणाले. "पन ऱ्हायमाल मन्हा तठेच ऱ्हायना."

"ऱ्हायमाल?"

"रुमाल हो. दोन आणानी चीज गयी." दोधूला मूळ भावात प्रवेश मिळाला होता, पण शेठ आजही सांगतात की रुमाल नसता तर पोरगा घरी बसला असता.

आता पुण्याला पाठवायचा माझा उत्पन्नाचा दाखला. पगार महागाई भत्त्यासकट पंच्याण्णव, म्हणजे वर्षाचे अकराशे चाळीस. बाराशेला साठ कमी. दाखला मिळायला हरकत नव्हती. हरकत गोठ्यात बांधली होती.

भुरी ही जसोदाबाईंची म्हैस. घरात तिचा दर्जा माझ्या वरचा. अर्जात 'जनावरे व त्यांचे उत्पन्न' असा रकाना होता. भुरी नऊ शेर दूध देते, असं जसोदाबाईंनी गेली पाच वर्षं गल्लीला सांगितलं होतं. तापीबाईंच्या म्हशी सहाच्या वर कधी गेल्या नव्हत्या, आणि त्या दुःखात तापीबाई वाळल्या होत्या. नऊ शेर लिहिले तर मी बाराशेच्या पार जाणार. कमी लिहिले तर मला घराच्या पार जावं लागणार. खरा आकडा मला ठाऊक नव्हता. दूध मोजलं की म्हशीला दृष्ट लागते, म्हणून जसोदाबाई धार काढताना मला तिकडे फिरकू देत नसत. मी तो रकाना कोरा ठेवला, गल्लीतल्या इतरांच्या अर्जांच्या गठ्ठ्यात माझा अर्ज घातला आणि कचेरीत गेलो.

दुसऱ्या दिवशी मामलेदारसाहेबांनी बोलावलं.

"रूपचंद, या एका अर्जावर शेरा आहे. 'अर्जदाराने जनावरांबाबत खुलासा केलेला नाही. जागेवर चौकशी व्हावी.' शेरा कुणाचा?"

"माझा, साहेब."

"आणि अर्ज?"

मी वाकून पाहिलं. "तोही माझाच."

गठ्ठा पुढे आला होता आणि हाताने सवयीने काम केलं होतं. कोरा रकाना दिसला की शेरा मारायचा. वीस वर्षांत या हाताने सख्ख्या मेव्हण्याला सोडलं नव्हतं, तो धन्याला काय सोडणार.

साहेब म्हणाले, "मागे घ्या शेरा."

"तशी तरतूद नाही, साहेब." हे माझ्या तोंडून निघालं तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला. घरी पोचेपर्यंत तो टिकला.

चौकशी लागली आणि ती एकट्या माझी लागली नाही. माझा शेरा पाहून साहेबांनी साऱ्या गल्लीची लावली. तक्ता पाहून गल्लीत प्रत्येकाने बाराशेच्या आतला अर्ज केला होता. चुनीलालशेठांनीसुद्धा. मी विचारलं, "शेठ, तुमचं उत्पन्न बाराशेच्या आत?"

"दलालनं उत्पन्न रुमालखाले ऱ्हास, भाऊ. कागदवर काय दिखस?"

तोडगाही त्यांनीच काढला. गावाबाहेर फत्तेसिंग नावाच्या एकट्या माणसाचं खळं होतं. त्याला ना मूल ना बाळ, त्यामुळे ना अर्ज. मंगळवारी दुपारी चौकशीला सर्कल इन्स्पेक्टर, म्हणजे आमचे सर्कलसाहेब, येणार, तेवढा वेळ गल्लीतल्या म्हशी फत्तेसिंगच्या खळ्यात ठेवायच्या. गोठे झाडून, सारवून, तिथे तुळशीची कुंडी ठेवायची. मी शासकीय नोकर या नात्याने नकार दिला. शेठ म्हणाले, "मंग पोरले मामाकडे धुळे धाडा." मी शासकीय नोकर या नात्याने विचार करतो म्हणालो.

रमिला म्हणाली, "बाबा, जे आहे ते लिहा ना सरळ."

"लिहितो. पण आहे काय ते तुझी आई सांगत नाही."

जसोदाबाईंचं दुःख वेगळंच होतं. "मन्ही भुरी नही शे, असं सरकारले सांगनं पडी? मन्हा माहेरनी शे ती." तरी पोरीच्या तोंडाकडे पाहून त्यांनी भुरीच्या शिंगांना तेल लावलं, कपाळाला कुंकू लावलं आणि खळ्याकडे धाडलं. ज्या म्हशीचं अस्तित्व लपवायचं तिला नटवून गावातून मिरवत नेणारं आमचं एकमेव कुटुंब असेल.

सर्कलसाहेब दुपारी यायचे ते आले नाहीत. सायकल पंक्चर झाली होती. साताऱ्याकडचे तरुण गृहस्थ, दोन महिन्यांपूर्वी बदलून आलेले, दिवस उजाडायच्या आत फिरतीवर निघायचे आणि गावाची काही माहिती नसायची. ते पोचले तेव्हा उन्हं कलली होती. ओट्यावर बसले, पाणी प्याले, तक्ता वाचू लागले. तिसरा रकाना त्यांना फार आवडला. "वजा जाता खरा खर्च. असं कुणी मांडत नाही हो," म्हणाले. वीस वर्षांत माझ्या अक्षराचं कौतुक करणारा पहिला वरिष्ठ. मी विरघळलो. गल्ली आपापल्या दारात गरीब चेहऱ्याने उभी होती.

"जनावरं?" साहेबांनी विचारलं.

मी तुळशीच्या कुंडीकडे पाहिलं. तोंड उघडलं. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला धुरळा उडाला.

आम्ही सगळ्याचा विचार केला होता, संध्याकाळचा केला नव्हता. आमच्याकडे गुरं चरून येतात ती वेशीपर्यंत गुराख्यामागे. वेशीच्या आत प्रत्येक जनावर आपलं दार आपण शोधतं. धारेची वेळ झाली, म्हशींनी खळ्यात हंबरडा फोडला, फत्तेसिंगजवळ दावी तीन आणि म्हशी नऊ. शेवटी त्याने सगळ्या कळपात सोडून दिल्या आणि आपली जबाबदारी संपली म्हणून विडी पेटवली.

साहेब ओट्यावर, हातात पेन. समोरून नऊ म्हशी रांगेने गल्लीत शिरल्या. पहिली उजव्या हाताच्या तिसऱ्या घरात शिरली. दुसरी समोरच्या. साहेब एकेका दाराकडे पाहत आणि एकेक ओळ लिहीत. तीन म्हशी चुनीलालशेठांच्या दारात वळल्या. शेठ त्यांना परक्यासारखे हाकलू लागले, तेव्हा त्यांतली एक त्यांचा हात चाटायला लागली. गावच्या नोंदी करायला तलाठ्याला महिना लागतो. त्या संध्याकाळी पाच मिनिटांत झाल्या.

शेवटी भुरी. कुंकू लावलेली, शिंगं चकाकणारी. ती थेट ओट्याशी आली, साहेबांकडे एकदा पाहिलं आणि भिंतीवरचा तक्ता चाटू लागली. कणकेची खळ तिला आवडली असावी. धुळे आणि सुरत तिने माझ्या देखत खाल्लं. पुण्याला तोंड लावणार तोच रमिलाने धावत येऊन तिची मान धरली.

"ही कुणाची?" साहेबांनी विचारलं.

तापीबाई पुढे आल्या. त्यांच्या तीन म्हशी नुकत्याच कागदावर चढल्या होत्या आणि आता त्यांना गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. "जसोदाबाईनी शे साहेब. लिखा. नऊ शेर दूध देस. पाच वरीस व्हयनात, आम्ही आयकी ऱ्हायनूत."

साहेबांनी तोंडी हिशोब केला. नऊ शेर, शेराला आठ आणे. त्यांनी मान हलवली. "रूपचंदभाऊ, तुम्ही तर बाराशेच्या फार पुढे गेलात."

रमिला भुरीची मान धरून उभी होती. तिने भिंतीवर उरलेल्या कागदाकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

जसोदाबाई आत गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या. त्या बादली आणि शेराचं माप घेऊन बाहेर आल्या, भरगल्लीत, सर्वांच्या दृष्टीसमोर भुरीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मोजी ल्या."

बादलीत धारा वाजू लागल्या. मग वाजायच्या थांबल्या. माप भरलं, ओतलं, पुन्हा भरलं. दुसऱ्या वेळी ते काठाला पोचलं नाही.

"सकाळनंबी इतलंच. बठ्ठं मिळीसन साडेतीन शेर," जसोदाबाई म्हणाल्या. आवाज खणखणीत होता, पण मान वर नव्हती. तापीबाईंनी पदर तोंडाला लावला. पाच वर्षांचं वाळलेपण त्या एका संध्याकाळी भरून आलं.

साहेबांनी लिहिलं, साडेतीन. मग विचारलं, "विकता किती?"

"चार घर. एकेक शेर."

"आणि घरी?"

"घर बी लागस ना, साहेब. दीड शेर."

साहेबांनी कागदावर काहीतरी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. "बाई, साडेतीनातून साडेपाच जातात कसे?"

जसोदाबाईंनी मागच्या आडाकडे पाहिलं. आडावर पोहरा लटकत होता. त्याच्याकडे मग साहेबांनीही पाहिलं, आणि मग सगळ्या गल्लीने.

"ही चार घरं कोणती?" साहेबांनी हळूच विचारलं.

"एक शाळामास्तरनं. एक पोस्टमास्तरनं. एक डाक्टरनं." जसोदाबाई थांबल्या. "नी एक, साहेब, तुमनं. बाईसाहेबनी दूध लाई लिन्हं शे. तुम्ही पहाटे जातस, तुम्हले ठाऊक नही."

मी डोळे मिटले. माझ्या डोळ्यांसमोरून पुणे, धुळे, नोकरी आणि पेन्शन एका रांगेने गेले. प्रत्येक आपापल्या दारात शिरलं.

डोळे उघडले तेव्हा साहेब तक्त्याचा उरलेला तुकडा वाचत होते. भुरीने पुणं सोडलं होतं आणि वरची लाल शाईची ओळही. "वजा जाता," साहेब स्वतःशीच म्हणाले. मग जसोदाबाईंकडे वळले. "बाई, म्हशीला खायला काय घालता?"

हा प्रश्न जसोदाबाईंना कुणी विचारायचा अवकाश होता. सरकी, ढेप, कडबा, उन्हाळ्यात हिरवा चारा, गुराख्याचे महिन्याचे पैसे, वर्षातून दोनदा आजारपण, शिंगांचं तेल. साहेब लिहीत गेले. खाली रेघ मारली. "वजा जाता उत्पन्न सालाचे अठ्ठेचाळीस रुपये. म्हणजे अकराशे अठ्ठ्याऐंशी. बाराशेच्या आत."

"आणि ते आडाचं, साहेब?" चुनीलालशेठ मध्येच म्हणाले.

"अर्जात 'जनावरे' असा रकाना आहे," साहेब म्हणाले. "आडाचा नाही."

शेठांनाही मग आपल्या तीन म्हशींचा खर्च सांगायची इच्छा झाली. पण तिघी धष्टपुष्ट होत्या, आणि त्यांतली एक अजून त्यांचा हात चाटत होती.

दाखला मिळाला. माझ्याच टेबलावरून गेला, आणि मी त्यावर 'खुलासा प्राप्त' असा शेरा मारला. रमिलाला मी पुण्याला पोचवून आलो, धान्याची दोन पोती आणि तुपाचा डबा घेऊन. एरवी तो डबा धुळ्याला जायचा. मामा महिनाभर बोलला नाही, म्हणजे वजा जाता फायदाच झाला.

जसोदाबाईंची अब्रू मात्र गेली. पाणवठ्यावर त्यांना 'साडेतीन' असं नाव पडलं. त्यांनी मनाला लावून घेतलं आणि दुसऱ्याच दिवसापासून चार घरांची तीन केली, घरच्या चहातलं दूध काढलं आणि सर्कलसाहेबांकडे निर्भेळ धारोष्ण दूध पाठवायला लागल्या. चौथ्या दिवशी बाईसाहेबांचा निरोप आला. अलीकडे दूध बिघडलंय, फार दाट येतं, मुलांना पचत नाही. पहिल्यासारखं पाठवा. जसोदाबाईंनी तो निरोप आणणाऱ्या गड्याला तापीबाईंच्या दारासमोर उभं करून पुन्हा एकदा मोठ्याने सांगायला लावला.

दिवाळीच्या आधी रमिलाचं पहिलं पत्र आलं. मी ते ओट्यावर वाचून दाखवलं. अभ्यास कठीण आहे पण जमतो, प्रयोगशाळा मोठी आहे, खोलीत नगरची एक मुलगी आहे. शेवटी आईसाठी दोन ओळी होत्या.

"आईला सांगा, काळजी करू नको. इथे रोज सकाळी पेलाभर दूध देतात. अगदी घरची चव आहे."

जसोदाबाईंनी पदराने डोळे टिपले. "पोर सुखमा शे," त्या म्हणाल्या, आणि पोहरा घेऊन आडाकडे गेल्या.